घरगुती छायाचित्रण : दिवा कोठें ठेवावा?



आज मीं जो विषय घेतला आहे तो तसा लहानसा, घरगुती आणि हौशीचा आहे. घरांतल्या माणसाचें चांगलें छायाचित्र घरच्या घरीं कसें काढावें, आणि त्यासाठीं फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवतां बाजूस कां ठेवावा, एवढेंच मला सांगावयाचें आहे. परंतु माझ्या या हौशीच्या मुळाशीं एक दुःख आहे, आणि तें सांगितल्यावांचून पुढें जाणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

आठ वर्षांपूर्वीं माझे वडील वारले. भिंतीवर लावण्यासाठीं आम्ही भावंडें त्यांचें छायाचित्र शोधूं लागलों. यांत अवघड तें काय, असें आम्हांस वाटलें होतें. प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे आणि घरांत हजारों छायाचित्रें आहेत. पण पाहूं लागलों तों तीं सारीं नातवंडांचीं, सहलींचीं आणि पक्वान्नांच्या ताटांचीं! वडील दिसत होते ते कोणाच्या तरी खांद्यामागें. अखेर एका लग्नांतील समूहचित्र निघालें. त्यांतून त्यांचा चेहरा वेगळा काढून मोठा करून घेतला. तें चित्र आजही आमच्या बैठकीच्या खोलींत आहे. त्यांत कपाळ चकाकतें आहे, नाक जणूं पुसून टाकलें आहे, डोळ्यांच्या तांबड्या झालेल्या बाहुल्या मागाहून काळ्या केल्या आहेत, आणि कानामागच्या भिंतीवर एक काळी कडा उमटली आहे. भुवयांखालची ती खोल, विचारी नजर आणि हंसण्यापूर्वीं उजव्या गालावर उमटणारी ती बारीक रेघ, यांतलें त्या चित्रांत कांहींच नाहीं. माणूस ओळखूं येतो. पण भेटत नाहीं.

हा दोष कॅमेऱ्याचा नव्हता, आणि छायाचित्रकाराचाही फारसा नव्हता. लग्नाच्या गर्दींत त्यास दुसरा उपाय नव्हता. दोष होता दिव्याच्या जागेचा. फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविला होता. म्हणजे ज्या दिशेनें भिंग पाहत होतें त्याच दिशेनें प्रकाश जात होता. अशा प्रकाशाची सांवली वस्तूच्या मागें पडते आणि भिंगास जवळजवळ दिसत नाहीं. सांवली दिसली नाहीं म्हणजे उंचसखलपणाही दिसत नाहीं. आणि चेहरा म्हणजे तर सारा उंचसखलपणाच. कपाळाचा उंचवटा, डोळ्यांच्या खोबणी, नाकाचा कणा, गालांचा उतार, हा सारा प्रदेश सपाट होऊन जातो. तांबड्या बाहुल्यांचें कारणही हेंच. दिवा भिंगाच्या अगदीं जवळ असला म्हणजे त्याचा प्रकाश बाहुलींतून आंत शिरतो, डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांनीं भरलेल्या पडद्यावर आदळतो, आणि आल्या वाटेनें परत भिंगांत येतो. दिवा पुरेसा बाजूस नेला कीं ती तांबडी झांक नाहींशी होते.

नभोवाणीवरून प्रकाश दाखवितां येत नाहीं, ही माझी अडचण आहे. म्हणून आपणच एक प्रयोग करून पाहावा अशी विनंति आहे. आज रात्रीं स्वयंपाकघरांतून एक सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ आणा, तो टेबलावर ठेवा आणि खोलींतील दिवे मालवा. विजेरी आपल्या कपाळाशीं धरून नारळाकडे पाहा. एक तपकिरी, सपाट चकती दिसेल. आतां डोकें न हलवितां विजेरीचा हात हळूहळू उजवीकडे लांब न्या आणि थोडा वर उचला. शेंडीची सांवली पडूं लागेल, करवंटीवरचा एकेक धागा वेगळा होईल, आणि ती चकती गोल होऊन टेबलावर बसेल. विजेरी अगदीं काटकोनांत आणली तर अर्धा नारळ अंधारांत बुडेल. या दोन टोकांच्या मध्यें, साधारण ४५ अंशांच्या आसपास, अशी एक जागा सांपडते कीं जेथें गोलाईही दिसते आणि अंधारही फार होत नाहीं. ज्यास ती जागा नारळावर सांपडली, त्यास घरगुती व्यक्तिचित्रणाचें निम्में शास्त्र आलें. नारळ कंटाळत नाहीं, पापणी लववीत नाहीं, आणि प्रयोग संपल्यावर त्याची चटणी होते. नवशिक्यास याहून सोशिक सोबती मिळणार नाहीं.

चित्रकारांस ही गोष्ट फार पूर्वींपासून माहीत आहे. सतराव्या शतकांतील डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत प्रकाश एका बाजूनें, वरून येतो. चेहऱ्याची दुसरी बाजू सांवलींत असते, आणि त्या सांवलींतल्या गालावर डोळ्याखालीं उजेडाचा एक लहान त्रिकोण असतो. आजही छायाचित्रकार त्या रचनेस रेम्ब्रांटचेंच नांव देतात. आपल्याकडील उदाहरण पाहावयाचें तर सांवतवाडीस जन्मलेल्या सांवळाराम लक्ष्मण हळदणकरांचें, हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें जलरंगांतील चित्र आठवा. तें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे, आणि पुष्कळ लोक चुकून तें राजा रविवर्म्याचें समजतात. त्या स्त्रीचा एक हात दिव्यास आडोसा देतो आहे. बोटांतून उजेड पाझरतो आहे. आणि त्या उजेडानें तिचा चेहरा अंधारांतून वर आला आहे. तेथें दिवा पाहणाऱ्याच्या कपाळावर नाहीं, तो तिच्या हातांत आहे. तो पाहणाऱ्याच्या बाजूस आणला असता तर तें चित्रच उरलें नसतें.

गंमत अशी कीं फ्लॅश आरंभीं कॅमेऱ्यापासून वेगळाच होता. १८८७ सालीं जर्मनींत मीटे आणि गेडिके यांनीं मॅग्नेशियमची दारू तयार केली; ती तबकांत ठेवून कॅमेऱ्यापासून दूर पेटवीत. तिचा भडका आणि धूर पाहतां ती जवळ ठेवण्याची कोणाची छाती होणार? १९२९च्या सुमारास कांचेच्या बंद फुग्यांतील फ्लॅश आला, आणि १९३१ सालीं अमेरिकेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं विजेच्या क्षणिक चमकेनें छायाचित्रें घेण्याची रीत पुढें आणली. दिवा लहान, स्वच्छ आणि निर्धोक झाला, आणि अखेर कॅमेऱ्याच्या माथ्यावर जाऊन बसला. सोय झाली, पण चेहरा सपाट झाला. आपणांस आतां एवढेंच करावयाचें आहे कीं त्यास तेथून खालीं उतरवावयाचें.

त्यासाठीं लागणारी सामग्री चारच वस्तूंची आहे. पहिली, कॅमेऱ्यावरून काढतां येणारा लहान फ्लॅश. त्याची शक्ति हातानें पूर्ण, अर्धी, पाव, एक-अष्टमांश अशी कमी करतां आली पाहिजे. दुसरी, रेडिओ ट्रिगर. त्याचा एक भाग कॅमेऱ्यावर बसतो व दुसरा फ्लॅशखालीं. कांहीं फ्लॅशमध्यें हा दुसरा भाग आंतच असतो. माझा आवाज ज्या बिनतारी लहरींनीं आपल्या घरीं येतो आहे, त्याच जातीच्या लहरी कॅमेऱ्याचा निरोप फ्लॅशला पोंचवितात. ट्रिगर आपल्या कॅमेऱ्यास आणि फ्लॅशला जुळतो कीं नाहीं, हें घेण्यापूर्वीं विचारून घ्यावें. तिसरी वस्तु स्टँड व त्यावरची पकड. चौथी, सुमारें एक मीटर रुंदीची, पांढऱ्या पातळ कापडाची छत्री. फ्लॅशचा उजेड तिच्यांतून गाळून चेहऱ्यावर पाडावयाचा असतो.

येथें सावधगिरीचे दोन शब्द. कपाटांत पडलेला वडिलोपार्जित फ्लॅश एकदम नव्या कॅमेऱ्यावर चढवूं नये. कांहीं जुन्या फ्लॅशच्या टोकांशीं इतका दाब असतो कीं नाजूक कॅमेरा बिघडूं शकतो. आणि बंद पडलेला फ्लॅश घरीं उघडूं नये. सेल काढल्यावरही त्याच्या पोटांत शेंकडों व्होल्टचा सांठा कांहीं काळ राहतो, आणि त्याचा धक्का जिवावर बेतूं शकतो.

आतां नवशिक्याचा नेहमींचा गोंधळ सोडवूं. खोलींत दोन प्रकारचा उजेड असतो. एक घरांतल्या दिव्यांचा, नळाच्या बारीक धारेसारखा सतत वाहणारा. दुसरा फ्लॅशचा, भरलेली घागर एकदम उपडी करावी तसा. लहान फ्लॅशची पूर्ण शक्तीची चमकही सुमारें १/१००० सेकंदांत आटोपते. शटर अधिक वेळ उघडें ठेवलें तर धारेचें पाणी अधिक सांठेल. घागरीचें मात्र जेवढें पडावयाचें तेवढेंच पडणार. म्हणून घरांतल्या दिव्यांचा उजेड शटरच्या वेळानें आवरावा, आणि फ्लॅशचा उजेड भिंगाच्या छिद्रानें किंवा फ्लॅशची शक्ति कमीजास्त करून आवरावा. छिद्र व आय.एस.ओ. यांचा परिणाम दोन्ही उजेडांवर होतो. मात्र शटरचा वेळ फार कमी करूं नये. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षां शटर जलद केलें तर त्याचा पडदा वाटेंत येतो आणि चित्राच्या एका बाजूस काळा पट्टा उमटतो.

आरंभ असा करावा. आय.एस.ओ. २००, छिद्र एफ/५.६, शटर १/१६० सेकंद. प्रथम फ्लॅश बंद ठेवून एक चित्र घ्यावें. रात्रींच्या वेळीं तें जवळजवळ काळें आलें पाहिजे. नवशिका येथें घाबरतो. पण ती काळी चौकट म्हणजे आपली पुसलेली स्वच्छ पाटी आहे. आतां जें उमटेल तें केवळ आपण ठेवलेल्या दिव्याचें. मग फ्लॅश एक-अष्टमांश शक्तीवर ठेवून दुसरें चित्र घ्यावें. उजेड जास्त वाटला तर शक्ति निम्मी करावी, कमी वाटला तर दुप्पट करावी. तीनचार प्रयत्नांत अंदाज बसतो. तो एका वहींत टिपून ठेवावा. खोली तीच, छत्री तीच, तर पुढच्या वेळीं आंकडेही बहुतेक तेच.

छत्री किती अंतरावर ठेवावी? माझें उत्तर असें कीं, चौकटींत न येईल इतकी जवळ. म्हणजे चेहऱ्यापासून तीनचार फुटांवर. याचीं कारणें दोन आहेत. चेहऱ्यावरून पाहतां दिवा जितका मोठा दिसेल तितकी सांवलीची कड मऊ होते. तीच छत्री दूर नेली कीं लहान दिसूं लागते, आणि सुरकुत्या कोरल्यासारख्या उमटतात. दुसरें कारण प्रकाशाच्या नियमाचें. अंतर दुप्पट झालें कीं उजेड एक-चतुर्थांश होतो, तिप्पट झालें कीं एक-नवमांश. चेहरा दिव्यापासून तीन फुटांवर आणि मागची भिंत नऊ फुटांवर असेल, तर भिंतीस चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाइतकाच उजेड मिळेल. शहरांतल्या आपल्या खोल्यांस हा नियम म्हणजे वरदान आहे. खुंटीवरचे कपडे, दिनदर्शिका आणि वर्तमानपत्रांची चळत, सारें काळोखांत जाऊन बसतें. माणसास भिंतीस टेंकून बसवूं नये; भिंतीपासून जितकें पुढें आणतां येईल तितकें आणावें.

छत्री एका बाजूस ४५ अंशांवर, आणि तिचा मध्य डोळ्यांच्या पातळीहून एकदीड फूट उंच असावा. बरोबर जागीं आहे कीं नाहीं, हें डोळ्यांतच कळतें. बुबुळाच्या वरच्या भागांत एका बाजूस उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर दिवा फार उंच गेला आहे, आणि त्या डोळ्यांत जीव दिसणार नाहीं. सांवलीची बाजू फार काळी वाटली तर तिकडे एक पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तक्ता उभा करावा. उलट, लहान पांढऱ्या खोलींत भिंतींवरून उजेड परत येऊन सांवली फिकट होते; तेव्हां त्याच जागीं काळी घोंगडी टांगावी. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तो रंग गालावर उतरतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

चष्म्याची अडचण घरोघरीं येते. कांचेवर पडलेला उजेड ज्या कोनानें येतो त्याच कोनानें परततो. म्हणून दिवा थोडा वर किंवा अधिक बाजूस न्यावा, अथवा चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित् उचलाव्या, म्हणजे कांचा खालीं झुकतात. चष्मा काढावयास मात्र सांगूं नये. ज्या माणसास आपण तीस वर्षें चष्म्यांत पाहिलें, त्याचा चष्म्यावांचूनचा चेहरा परका वाटतो.

आणखी एक गोष्ट थोड्या आग्रहानें सांगतों. आपल्यापैकीं बहुतेकांचा वर्ण गव्हाळ किंवा सांवळा आहे. उघड्या फ्लॅशनें अशा कांतीवर पांढरे डाग पडतात, आणि मग छायाचित्रकार उजेड वाढवून सारा चेहराच गोरा करून टाकतो. असें करूं नये. सांवळ्या चेहऱ्याचें रूप त्याच्यावर सरकत जाणाऱ्या मऊ चकाकींत असतें, आणि मोठी, जवळ ठेवलेली छत्री ती चकाकी देते. आजी सांवळी असेल तर चित्रांतही ती सांवळीच दिसली पाहिजे. नातवंडांस पुढें तीच आजी हवी असणार.

आतां माझी स्वतःची फजीती सांगतों. तीन वर्षांपूर्वीं मातोश्रींचें छायाचित्र काढावयाचें मीं ठरविलें. त्यांचें वय तेव्हां ८१ होतें. त्यांस खुर्चींत बसवून मग मी स्टँड जुळवूं लागलों. पाऊण तास गेला. वरचा पंखा चालू होता, तिकडे माझें लक्ष नव्हतें. त्याच्या वाऱ्यानें छत्री शिडासारखी फुगली आणि स्टँडसकट चहाच्या पेल्यांवर कोसळली. ‘पुरे झालं हं आतां’ असें म्हणून मातोश्री उठल्या, आणि पुढें दोन महिने त्यांनीं कॅमेऱ्याचें नांव काढूं दिलें नाहीं. त्या वयांत दोन महिने हा थोडा काळ नव्हे, हें मला कळत होतें, आणि तें बोलून दाखवितां येत नव्हतें.

त्या दोन महिन्यांत मी नारळावर शिकलों. मग एके संध्याकाळीं खुर्चींत उशी ठेवून तिला मातोश्रींची शाल गुंडाळली आणि सारी जुळवाजुळव तिच्यावर केली. पंखा बंद केला. स्टँडच्या पायाशीं तांदळाची पांच किलोची पिशवी बांधली. खोलींत एक मंद दिवा राहूं दिला, म्हणजे कॅमेऱ्यास नेम धरतां येतो आणि माणसास अवघडल्यासारखें होत नाहीं. आंकडे ठरले, तेव्हां मातोश्रींस हांक मारली.

त्या येऊन बसल्या. क्षणभर छत्रीकडे पाहिलें आणि म्हणाल्या, “हा भिंतीवर लावायचा फोटो ना रे? मग मला पदर नीट घेऊं दे.”

मी म्हणालों, “आई, तसं कांहीं नाहीं.”

“असूं दे,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्या बाबांचा तो फोटो मला आवडत नाहीं. ते असे दिसत नसत.”

मला पुढें बोलवेना. मीं कॅमेरा उचलला. वडिलांविषयीं बोलतां बोलतां त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी चित्रें घेत होतों. लग्नकार्यांतल्या प्रत्येक चित्रांत त्यांचे डोळे मिटलेले असतात. येथें एकदांही मिटले नाहींत. याचें कारण मला मागाहून कळलें. आपोआप उजेड मोजणारा फ्लॅश मुख्य चमकेच्या आधीं एक बारीक चमक सोडतो, आणि चपळ पापण्या तिलाच फसतात. हातानें शक्ति ठरविलेल्या फ्लॅशमध्यें ती आधींची चमक नसते. सारें काम दहा मिनिटांत आटोपलें. अकरा चित्रें निघालीं, त्यांतलें आठवें चांगलें आलें. त्यांत सुरकुत्या आहेत, पण कोरलेल्या नाहींत. आणि डाव्या डोळ्यांत छत्रीचा ठिपका आहे. चेहऱ्यावर थोडी थट्टा आहे. ती आमच्या घरांत सर्वांच्या ओळखीची आहे.

तें चित्र त्यांनीं भिंतीवर लावूं दिलेलें नाहीं. तें त्यांच्या औषधांच्या टेबलावर उभें आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस त्या तें स्वतः दाखवितात. आज त्या ८४ वर्षांच्या आहेत. वडिलांचें चित्र मात्र तसेंच आहे; तें आतां सुधारण्याचा उपाय माझ्यापाशीं नाहीं.

ज्यांच्यापाशीं फ्लॅश नाहीं, केवळ खिशांतला फोन आहे, त्यांनींही निराश होऊं नये. फोनचा दिवा बंद ठेवावा, सकाळच्या वेळीं ऊन थेट येत नसेल अशा खिडकीच्या बाजूस माणसास बसवावें, आणि खिडकी हीच आपली छत्री समजावी. नियम तोच आहे: उजेड पाहणाऱ्याच्या कपाळावरून नको, बाजूनें व थोडा वरून हवा.

माझी विनंति एवढीच आहे कीं हें काम लांबणीवर टाकूं नये. या आठवड्यांत नारळ घ्या. पुढच्या रविवारीं उशीला शाल गुंडाळा. आणि हात बसला म्हणजे घरांतल्या वडीलधाऱ्यांस दहा मिनिटें मागा. दहाच मिनिटें मागा, आणि त्यांच्याशीं बोलत राहा. पंखा मात्र आठवणीनें बंद करा.